वजन सात

वहिनी : तो कप खाली ठेवा, वन्सं, आणि खुर्ची ओढा इकडे. अजून जवळ या. गुडघ्याला गुडघा लागला पाहिजे. तुम्हाला एक गोष्ट सांगते, आणि ती पुरी ऐकल्याशिवाय तुम्ही उठणार नाही आहात.

वन्सं : मेले. अकरा वर्षांत तू मला तीनदा वन्सं म्हणालीस, आणि तिन्ही वेळा घरातली दारं आपटली. एरवी मी धाकटी असते. काय केलंय मी?

वहिनी : आधी गोष्ट. एक शिंपी होता. हात चांगला, डोकं चांगलं, फक्त घाई फार. एका गिऱ्हाइकानं सदरा शिवायला टाकला. लांबी सांगितली तीस इंच. शिवून झाला, पट्टी लावली, तर भरला अठ्ठावीस. गिऱ्हाईक दारात उभं. आता शिंप्यानं काय करावं?

वन्सं : उसवावं आणि परत शिवावं. वहिनी, माझी कॉफी गार होतेय.

वहिनी : होऊ दे. त्यानं उसवलं नाही. त्यानं कात्री घेतली आणि पट्टीचे पहिले दोन इंच कापून टाकले. पुन्हा लावली. भरला तीस. म्हणाला, घ्या मोजून. गिऱ्हाईक खूश, शिंपी त्याहून खूश. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, तिसरं आलं, आणि बघता बघता सगळ्या गावाचे सदरे दोन दोन इंच आखूड. शिंप्याला विचारायला जावं तर तो देवाची शपथ घेऊन सांगतो, माझी पट्टी खोटं बोलत नाही.

वन्सं : कळलं. शिंपी मी. आता सदरा दाखव.

वहिनी : बघा इथे. हॉस्पिटलच्या औषधांची लेबलं छापणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमची, टेस्टची फाइल. गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी हिच्यात हात घातलाय. खाली नाव कुणाचं आहे?

वन्सं : माझं. माझंच काम होतं ते.

वहिनी : ही ओळ वाचा. मोठ्यानं.

वन्सं : वजन चौदाशे वीस ग्रॅम. उत्तर पॉइंट चार मिली.

वहिनी : गुरुवारच्या आधी काय उत्तर होतं?

वन्सं : पॉइंट तीन.

वहिनी : का बदललंत?

वन्सं : कारण टेस्ट लाल झाली. कोड पॉइंट चार देत होता आणि टेस्ट पॉइंट तीन मागत होती. मी टेस्ट दुरुस्त केली.

वहिनी : दुरुस्त केली म्हणे. टेस्ट म्हणजे काय हो? कोडला विचारलेला प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपण आधीच लिहून ठेवलेलं. कोड उद्या हजारदा बदला, या वजनाला हेच उत्तर आलं पाहिजे, म्हणून लिहून ठेवलेलं. जुळलं तर हिरवं, चुकलं तर लाल. कोडनं उत्तर चुकवलं, आणि तुम्ही काय केलंत? लिहून ठेवलेलंच खोडलंत.

वन्सं : मला टेस्ट म्हणजे काय ते सांगू नकोस. माझी आधीची नोकरी गेली तेव्हा तूच शिकवलंस मला हे, सहा महिने, जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलल्यावर. आता माझंही ऐक. गुरुवारी मी कोड आवरला. सिरिंजवरच्या रेघा पॉइंट एकच्या अंतरानं असतात, म्हणून आलेला आकडा जवळच्या रेघेवर आणायचा. पॉइंट सदतीस आलं की लेबलवर पॉइंट चार छापायचं. एवढंसं गणित, ते तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं. सहा वर्षं तूच कपाळाला हात लावून म्हणतेयस, कुणीतरी आवरा रे ते. मी आवरलं. एका जागी आणलं. तर एकतीस टेस्ट लाल झाल्या. एकतीस, वहिनी.

वहिनी : मोजल्यात मी.

वन्सं : मग त्यातल्या तीस नीट बघितल्यास का? मी आतल्या फंक्शनची नावं बदलली, एवढ्यासाठी लाल झाल्या त्या. उत्तर एकीचंही बदललं नव्हतं. आमटी चाखायची सोडून पळी कुठल्या खुंटीला टांगलीय ते बघत बसणाऱ्या टेस्ट. सासूसारख्या. त्या कुणी लिहिल्या होत्या?

वहिनी : मी लिहिल्या. तेव्हा मलाही अक्कल नव्हती. आणि सासू म्हणजे तुमचीच आई, जपून बोला. त्या तीसबद्दल मी एक अक्षर काढलं का? त्या बदलायलाच हव्या होत्या. मी एकतिसावीबद्दल बोलतेय. त्या तीस नावासाठी रडत होत्या, ही एकटी उत्तरासाठी रडत होती. रडणं सारखंच ऐकू आलं म्हणून तुम्ही सगळ्यांच्या तोंडात एकच बोळा कोंबलात.

वन्सं : कुणाही शहाण्या माणसाला ती जुनी चूकच वाटली असती. सगळीकडे जवळची रेघ, आणि या एकाच जागी खालची रेघ. का?

वहिनी : का ते सांगते. बाळ दीड किलोच्या खालचं असलं की हे औषध वरच्या रेघेवर न्यायचं नाही. खालच्याच रेघेवर थांबायचं. तळहाताएवढा जीव, त्याला एक रेघ जास्त गेली तर छातीचे ठोके धावत सुटतात. हॉस्पिटलनं सांगितलेला नियम आहे हा. आपल्याला वाटलं म्हणून लिहिलेला नाही.

वन्सं : हे मला कुणी सांगितलं होतं?

वहिनी : टेस्ट सांगत होती. लाल होऊन.

वन्सं : बरं. चुकलं माझं. आत्ता सव्वातीन झालेत. नवं व्हर्जन पाचला बसवायचंय ना? अर्ध्या तासात नीट करून देते.

वहिनी : पाचला बसवायचंय म्हणूनच मी इतकी शांत आहे.

वन्सं : ही शांत?

वहिनी : आधी जी प्रत तुम्ही तयार केली होतीत ती कुठे आहे? ती फेकून द्या पहिल्यांदा. चुकून कुणी उचलायला नको.

वन्सं : ती दादाकडे आहे.

वहिनी : दादाकडे कशी? तुझा भाऊ साडेचारला निघणार आहे.

वन्सं : तो बारालाच गेला. तू आत मीटिंगमध्ये होतीस. म्हणाला, वॉर्डात दुपारी वर्दळ कमी असते, जेवायच्या आधी बसवून टाकतो, म्हणजे त्यांच्यासमोर आपण तारखेच्या आधी उभे राहिलो असं होईल. मी पेनड्राइव्ह दिला.

वहिनी : बसवून टाकतो.

वन्सं : एक वाजता मेसेज आला त्याचा. चालू झालं. आणि पुढे अंगठा.

वहिनी : अंगठा. म्हणजे एक वाजल्यापासून तिथे हेच लेबल छापतंय. धाकटे, त्याला फोन लाव.

वन्सं : लावतेय. बंद आहे. वॉर्डात आत जाताना बंद करायला लावतात.

वहिनी : मग फार्मसीत लाव. नंबर तुझ्या मागे भिंतीवर चिकटवलाय. स्पीकरवर ठेव.

वन्सं : लावला. वाजतोय.

(रिंग बराच वेळ वाजते. मग पलीकडून ट्रॉलीच्या चाकांची खडखड.)

फार्मासिस्ट : फार्मसी. बोला.

वहिनी : काका, मी बोलतेय. लेबलांचं यंत्र ज्यांनी दिलं ती.

फार्मासिस्ट : बोला, बाई. तुमचे मिस्टर आत्ताच इथून वर गेले. आधीपेक्षा झपाझप छापतंय हो तुमचं यंत्र.

वहिनी : ते राहू द्या. एक वाजल्यापासून बाळांच्या वॉर्डासाठी किती लेबलं छापली?

फार्मासिस्ट : थांबा, चष्मा घेतो. हां. तीन.

वहिनी : वजनं वाचा.

फार्मासिस्ट : एकवीसशे. अठराशे ऐंशी. तेराशे नव्वद.

वहिनी : तेराशे नव्वदच्या लेबलवर किती आलंय?

फार्मासिस्ट : पॉइंट चार.

वहिनी : ते चूक आहे, काका. पॉइंट तीन पाहिजे. दीड किलोखालचा नियम नव्या व्हर्जनमध्ये मोडलाय. आमच्या हातून मोडलाय. सिरिंज कुठे आहे?

फार्मासिस्ट : भरून वर पाठवली. चार वाजताचा डोस आहे.

वन्सं : आता साडेतीन होतायत. अजून अर्धा तास आहे.

फार्मासिस्ट : तुमचं घड्याळ तुमच्यापाशी ठेवा, ताई. सिस्टर एकटी असली की वीस वीस मिनिटं आधी सुरू करते, अकरा बाळं उरकायची असतात तिला. आणि वरचा फोन सकाळपासून मेलाय. मी जिन्यानं जातो. तुम्ही फोन ठेवू नका.

वन्सं : काका, लिफ्ट... गेले.

वहिनी : चालू आहे ना फोन?

वन्सं : चालू आहे. टेबलावर टाकून गेलेत. त्यांचा पंखा ऐकू येतोय.

वहिनी : एकतीस टेस्ट एका फटक्यात बदलल्यास. आणि खाली नोंद काय केलीस? टेस्ट नव्या कोडप्रमाणे केल्या. आज तीन वाजता हॉस्पिटलसाठी काय काय बदललं त्याची यादी करायला बसले, हे वाक्य वाचलं आणि तशीच फाइल उघडली. टेस्ट कोडप्रमाणे कधीपासून व्हायला लागल्या? कोड टेस्टप्रमाणे असतो. मग टेस्ट कुणाप्रमाणे असते? सांग.

वन्सं : मला आत्ता प्रश्नोत्तरं नकोत.

वहिनी : मागणाऱ्याप्रमाणे असते. ज्यानं मागितलं त्याचं मन बदललं, तर खुशाल बदल टेस्ट. आधी टेस्ट बदल, मग कोड. पण मागणारा आपल्या शब्दावर तसाच उभा असेल आणि आपण नुसतं घर आवरलं असेल, तर उत्तराला बोट लावायचं नाही. लाल झालं तर मान खाली घालायची ती आपण. हॉस्पिटलला विचारलंस?

वन्सं : नाही.

वहिनी : मला विचारलंस?

वन्सं : हो.

वहिनी : काय?

वन्सं : तुला विचारलं. गुरुवारी, कॉफीच्या मशीनपाशी. म्हटलं, वहिनी, एक टेस्ट विचित्र आहे, पॉइंट तीन का मागतेय कळत नाही, दोन मिनिटं बघतेस का. तू गालाला हात लावून उभी होतीस, दाढ ठणकत होती तुझी. काय म्हणालीस ते आठव.

वहिनी : मला नाही आठवत.

वन्सं : मला आठवतं. सगळं हिरवं कर आणि पाठव, तुझ्या भावानं तारीख देऊन ठेवलीय. शब्दाला शब्द. मी हिरवं केलं. आणि आपल्याकडे नियम आहे ना, दुसरे डोळे लागल्याशिवाय काही पुढे जात नाही? दुसरे डोळे तुझे होते. चार वाजून पाच मिनिटांनी तू मंजूर केलंस. कुठून केलंस? दातांच्या डॉक्टरच्या बाकड्यावरून, फोनवर, जबडा बधिर असताना. एकतीस टेस्ट, चाळीस सेकंद. मी पण मोजलंय.

वहिनी : बस कर.

वन्सं : आता का बस? अजून ऐक. ही टेस्ट कुणी लिहिली? तू. सहा वर्षांपूर्वी. नाव काय दिलंस तिला? वजन सात. वजन एक, वजन दोन, वजन तीन, रांगेनं, कोठारातल्या पोत्यांसारखं. दीड किलोखालचं बाळ, वर जायचं नाही, ठोके धावतात, यातलं एक अक्षर तरी लिहिलंयस तिथे? तुझ्या शिंप्याला गिऱ्हाइकानं तीस सांगितलेले माहीत तरी होते. मला काय माहीत होतं? मला नुसता एक मुका आकडा दिसला.

वहिनी : मुक्यानं पदर धरून ओढलं तर माणूस थांबतो की नाही?

वन्सं : थांबले होते ना. थांबले आणि तुझ्याकडे घेऊन आले.

वहिनी : हो. आली होतीस.

वन्सं : मोठ्यानं बोल.

वहिनी : आली होतीस, म्हटलं ना. आणि मी तुला पिटाळलं. झालं समाधान? तीन वाजल्यापासून मी एकट्या तुझ्यावर ओरडतेय असं वाटलं का तुला? ते नाव वाचलं, वजन सात, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तेव्हा म्हटलं होतं, नंतर नीट लिहीन. नंतर. सहा वर्षं नंतर.

वन्सं : मग शिंपी मला का केलंस?

वहिनी : कारण कात्री तुझ्या हातात होती.

वन्सं : आणि पट्टीवर आकडे नव्हते, ते तुझ्यामुळे.

वहिनी : बरं. दोघी शिंपी. किती वाजले?

वन्सं : पावणेचार. किती मजले आहेत तिथे?

वहिनी : चार. त्यांचं वय साठीला आलेलं. देवा, त्या माणसाच्या पायांत बळ घाल. दुसरं काही मागत नाही आज.

वन्सं : सिस्टरनं आधीच दिली असेल तर?

वहिनी : गप्प बस.

वन्सं : मी विचारतेय, तर...

वहिनी : मला ऐकू आलं काय विचारलंस ते. गप्प बस.

फार्मासिस्ट : आहात का?

वहिनी : आहोत, काका.

फार्मासिस्ट : सिरिंज माझ्या हातात आहे. भरलेली.

वन्सं : दिली नाही ना?

फार्मासिस्ट : भरलेली म्हटलं ना, ताई. दिली असती तर रिकामी असती. टोपण काढलं होतं तिनं. मी दारातूनच ओरडलो. आयुष्यात त्या वॉर्डात कधी ओरडलो नव्हतो, तीन बाळं उठली. जरा बसू द्या मला.

वहिनी : बसा. पाणी प्या.

फार्मासिस्ट : पाणी नंतर. आधी बोलतो, नाहीतर माझं डोकं फुटेल. सदतीस वर्षं औषधं मोजतोय मी. हातानं मोजायचो तेव्हा दोनदा मोजायचो, आणि तिसऱ्यांदा खिडकीतून देताना. तुमचं यंत्र आलं. तुम्हीच म्हणालात, काका, आता एकदा बघितलंत तरी पुरे, आमच्याकडे सगळं तपासून येतं. मी विश्वास ठेवला. आज तेराशे नव्वदच्या पुढे पॉइंट चार बघितलं आणि माझ्या मनात काही आलं नाही. नियम मला तोंडपाठ आहे, बाई. तरी काहीच आलं नाही. यंत्रावरचा हिरवा दिवा बघून माझे डोळेच सुस्तावले. त्याचा संताप येतोय मला. तुमच्यावर नंतर चिडेन, सवडीनं.

वन्सं : चूक माझी आहे, काका. आकडा मी बदलला.

वहिनी : आणि न बघता होकार मी दिला.

फार्मासिस्ट : तुमच्या घरच्या वाटण्या तुम्ही घरी करा. इथे मी काय करू ते सांगा.

वहिनी : यंत्र आत्ता बंद करा. बाळांची लेबलं हातानं लिहा, दोनदा मोजून. आमचे हे वर आहेत, त्यांना खाली बोलवा. जुनं व्हर्जन त्यांच्या बॅगेत आहे, ते परत बसवायला सांगा.

फार्मासिस्ट : ते माझ्या मागूनच उतरले. इथेच उभे आहेत, तोंड एवढंसं झालंय. विचारतायत, आजची तारीख जाणार का.

वहिनी : त्यांना सांगा, तारीख गेली. आणि संध्याकाळी घरी येताना कानात कापूस घालून या म्हणावं.

फार्मासिस्ट : ऐकलं त्यांनी.

वन्सं : मी सगळं मागे घेते. एकतीसच्या एकतीस टेस्ट, आणि कोड पण होता तसा.

वहिनी : तसं काही करायचं नाही. रागात घर आवरायचं नाही आणि रागात विस्कटायचंही नाही. तीस राहू दे, त्या मी आज एकेक उघडून वाचणार आहे. तू ती एक ओळ परत पॉइंट तीनवर आण. लाल झाली?

वन्सं : झाली.

वहिनी : आता तिच्याकडे ढुंकून बघू नकोस. कोड वाकव.

वन्सं : म्हणजे मी धुऊन पुसून स्वच्छ केलेल्या कोडमध्ये पुन्हा एक खिळा ठोकायचा. वजन दीड किलोच्या खाली असेल तर.

वहिनी : ठोकायचा. दिसायला वाईट दिसला तरी ठोकायचा.

वन्सं : आणि तुझं वजन सात? ते नाव तसंच राहू द्यायचं? का त्यालाही हात लावला की वन्सं?

वहिनी : नाव बदल, जागा बदल, शब्द हवे ते घाल. उत्तर सोडून सगळं तुझं.

वन्सं : दीड किलोखालच्या बाळाला वरच्या रेघेवर नेऊ नये. असं लिहिते.

वहिनी : लिही.

फार्मासिस्ट : मला ऐकू येतंय इकडे. वाक्य बरोबर आहे. पण फार दिवस टिकणार नाही ते.

वहिनी : म्हणजे?

फार्मासिस्ट : पुढच्या महिन्यापासून नव्या बारीक सिरिंज येतायत. आताच्या दोन रेघांमध्ये दहा भाग. मग वर नाही की खाली नाही, पॉइंट सदतीस म्हणजे पॉइंट सदतीसच. डॉक्टरांची बैठक झाली, कागद सहीला गेलाय. तुम्हाला या आठवड्यात पत्र यायचं होतं.

वन्सं : थांबा. म्हणजे ही टेस्ट बदलायचीच आहे.

वहिनी : बदलायचीच आहे.

वन्सं : आज जिच्यावरून तू मला उभी सोललीस, तीच ओळ, पुढच्या महिन्यात, मीच पुसायची.

वहिनी : तूच पुसायची. पत्र हातात आल्यावर. आधी टेस्टमध्ये नवं उत्तर, ती लाल होऊ दे, मग कोड. आणि ही एकटीच, बाकीच्या गर्दीत लपवून नाही.

वन्सं : मला अजून राग आलाय.

वहिनी : मलाही आलाय. टाइप कर.

वन्सं : काका, नियम कुणी मागितला होता, ते मला खाली लिहायचंय. वहिनी म्हणते हॉस्पिटलनं. हॉस्पिटल म्हणजे कोण? तुम्ही?

फार्मासिस्ट : मी कुठला. मी नुसता फोन केला होता. मागितला मोठ्या सिस्टरनी.

वहिनी : कोण मोठ्या सिस्टर?

फार्मासिस्ट : तेव्हा वॉर्ड त्यांच्याकडे होता. एका बाळाला लेबलप्रमाणेच दिलं त्यांनी, आणि ठोके धावायला लागले. तास-दीड तास छातीवर बोट ठेवून मोजत बसल्या, जागच्या हलल्या नाहीत. बाळ सावरलं. मग खाली आल्या माझ्या खिडकीपाशी. म्हणाल्या, खालच्या रेघेवर थांबत जा. कमी पडलं तर मी मागून घेईन. जास्त गेलेलं मला परत काढता येत नाही. डॉक्टरांनी झापलं त्यांना, औषध किती द्यायचं ते सिस्टरनं शिकवू नये म्हणून. त्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या, तेच बोलल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या. आवाज चढवायच्या नाहीत, वाक्यही बदलायच्या नाहीत. नऊ दिवस. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी सही केली.

वहिनी : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

फार्मासिस्ट : तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही आकडा विचारलात. मी आकडा दिला.

वन्सं : आता कुठे असतात त्या?

फार्मासिस्ट : नाहीत आता. गेल्या थंडीत गेल्या.

वन्सं : नाव काय लिहू त्यांचं?

फार्मासिस्ट : आम्ही सगळे मोठ्या सिस्टरच म्हणायचो. तेवढंच लिहा. आणि ताई, पुढच्या महिन्यात ती ओळ पुसायची वेळ आली की पुसा, कचरू नका, नव्या सिरिंज खरंच चांगल्या आहेत. फक्त पुसण्याआधी एकदा त्यांची आठवण काढा.